औषधाचा नेम : मद्रासपासून सुरतेपर्यंत

१९९४ च्या सप्टेंबरात सुरत शहर रिकामे होऊ लागले. बीड जिल्ह्यातील मामला या खेड्यात गाठीच्या प्लेगचा संशय आल्याची बातमी महाराष्ट्रात शिळी होते न होते, तोच सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची हाकाटी उठली. दोन-चार दिवसांत लाखो माणसे मिळेल त्या वाहनाने बाहेर पडली. कोणी सौराष्ट्रात गेले, कोणी ओडिशाची वाट धरली, आणि उधना-लिंबायत भागातील खानदेशी मंडळींनी ताप्तीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या गाडीत बसून नवापूर, नंदुरबार, अमळनेर, जळगाव गाठले. जे मागे राहिले त्यांनी औषधांच्या दुकानांपुढे रांगा लावल्या. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या हा हा म्हणता संपल्या. ज्यांना कसलाही रोग नव्हता त्यांनीही त्या घेतल्या, आणि न चुकता घेतल्या. त्या साथीत पन्नासच्या आसपास माणसे दगावली; काही आठवड्यांत साथ ओसरली. पुढे १९९५ साली एस. आर. राव हे महानगरपालिकेचे आयुक्त झाले, शहर झाडून पुसून निघाले, आणि सुरतेचे नाव स्वच्छतेसाठी घेतले जाऊ लागले. ही कथा सर्वांस ठाऊक आहे.

त्याच सुमारास त्याच शहरात दुसरा एक रोग हळूहळू पाय रोवीत होता. त्याची बातमी झाली नाही, त्याच्या भयाने कोणी गाडी पकडली नाही. एच.आय.व्ही. या विषाणूचा भारतातील पहिला पुरावा १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या हाती लागला होता. १९९२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन केली. परंतु प्लेगला जसे औषध होते तसे या रोगाला त्या वेळी नव्हते, आणि जेव्हा ते मिळाले तेव्हा त्याची जात अगदी निराळी निघाली. प्लेगची गोळी चार-आठ दिवसांची. ही गोळी जन्मभराची; ती रोज, ठरल्या वेळी, प्रकृती ठणठणीत असतानाही घ्यावयाची. एवढा दीर्घ नेम माणसाकडून कसा पाळला जातो, तो मोडतो तो कोणत्या कारणाने, आणि तो मोडल्याचा दोष कोणाच्या माथी मारावयाचा, या प्रश्नांचा इतिहास सुरतेहून बराच जुना आहे.

रोगी औषध घेत नाही आणि घेतले असे सांगतो, ही तक्रार वैद्यकाइतकीच प्राचीन म्हणावी लागेल. हिपोक्रेटिसच्या नावावर मोडणाऱ्या ग्रीक ग्रंथसंग्रहात वैद्याला इशारा दिलेला आढळतो की, रोगी औषधाविषयी खोटे बोलतात, तिकडे लक्ष असू द्यावे. आपल्याकडे पथ्य मोडणारा रोगी हा वैद्याच्या बैठकीत कायमच विनोदाचा विषय राहिला. तथापि या तक्रारीला शास्त्रीय प्रश्नाचे रूप आले ते विसाव्या शतकाच्या मध्याला, आणि तेही आपल्याच देशात.

१९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोगावरील औषधोपचाराचे संशोधन केंद्र उघडले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद अशा चौघांचा तो संयुक्त उद्योग होता, डॉ. वॉलेस फॉक्स हे त्यातील प्रमुख संशोधक. त्या काळी क्षयरोग्यासाठी सॅनेटोरियम हाच राजमार्ग समजला जाई. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी आणि डॉक्टरांचा पहारा. पण देशात क्षयरोगी लाखांनी आणि खाटा हजारांनी. तेव्हा मद्रासच्या केंद्राने सुमारे दोनशे रोगी घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन भाग केले, एका भागाला सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि दुसऱ्याला शहरातील आपापल्या कोंदट खोल्यांतच राहू दिले. औषधे दोहोंना तीच, वर्षभर. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरी राहिलेले रोगी सॅनेटोरियममधल्या रोग्यांच्या तोडीस तोड बरे झाले होते, आणि त्यांच्या घरच्यांना त्यामुळे अधिक धोका पोहोचल्याचेही दिसून आले नाही. अन्न निकृष्ट, जागा अपुरी, विश्रांती नाही. तरी गुण आला.

या निष्कर्षाने जगातील सॅनेटोरियमांचे युग संपवले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. परंतु याच प्रयोगाच्या पोटातून दुसरा प्रश्न निघाला. सॅनेटोरियममध्ये परिचारिका गोळी हातावर ठेवीत असे. घरी ती कोणी ठेवावयाची? त्यातील एक औषध, पॅरा-अमिनो सॅलिसिलिक आम्ल, तर मोठ्या मात्रेत घ्यावे लागे आणि पोट बिघडवी. म्हणून केंद्राचे लोक अकस्मात घरी जात, उरलेल्या पुड्या मोजत, लघवी तपासून औषध पोटात गेले की मोरीत गेले ते पाहत. डॉ. फॉक्स यांनी स्वतःच्या हाताने औषध घेण्याचा प्रश्न हा या उपचारातील मोठ्यांपैकी एक प्रश्न म्हणून मांडला. त्यावर पुढे जो तोडगा निघाला तो सर्वपरिचित आहे : रोग्याने आरोग्यसेवकाच्या डोळ्यांदेखत गोळी गिळावी. १९९७ पासून आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने हीच पद्धत देशभर नेली. सहा-आठ महिन्यांच्या उपचाराला ती कशीबशी पुरली. तीस-चाळीस वर्षांच्या उपचाराला डोळ्यांदेखतचा पहारेकरी कोठून आणावयाचा?

एच.आय.व्ही.च्या बाबतीत हा प्रश्न १९९६ नंतर उभा राहिला. त्यापूर्वी, १९८७ पासून, झिडोवुडीन हे औषध हाताशी होते आणि विषाणू थोड्याच काळात त्याला दाद देईनासा होई. १९९६ साली व्हँकूव्हरच्या परिषदेत तीन औषधे एकत्र दिल्यास विषाणू रक्तात जवळजवळ दिसेनासा होतो हे जगापुढे आले. मरणाच्या वाटेवरचे रोगी उठून कामाला लागले. मात्र त्या आरंभीच्या औषधांचा नेम मोठा जाचक होता. मूठमूठभर गोळ्या, काही उपाशीपोटी, काही जेवणाबरोबर, एक तर दर आठ तासांनी आणि तांब्याभर पाण्यासह.

नेम का हवा, हे समजून घेण्याजोगे आहे. हा विषाणू स्वतःच्या प्रती अतोनात वेगाने काढतो, आणि नक्कल करताना चुकतोही फार. त्या चुकीच्या प्रतींपैकी एखादीला औषध लागू पडत नाही. रक्तात तिन्ही औषधे पुरेशी असली तर तिला वाव मिळत नाही. एकातून सुटली तर दुसऱ्यात सापडते. औषधाची पातळी खाली आली की तीच वाढते आणि पुढे तिचेच राज्य होते. त्यातही एक मेख आहे. भारतात पुढे वर्षानुवर्षे दिले गेलेले नेव्हिरापिन हे औषध रक्तात कित्येक दिवस रेंगाळते, सोबतची दोन लवकर निघून जातात. म्हणजे लग्नासाठी गावी गेलेला माणूस डबी खोलीवरच विसरला, तर ते दहा दिवस तो औषधाविना राहत नाही. त्यातले पहिले काही दिवस तो एकाच औषधावर राहतो, आणि विषाणूला औषध पचवायला शिकण्यास याहून सोयीचा काळ नाही. २००० साली अमेरिकेतील संशोधकांनी बाटलीच्या झाकणात नोंद करणारे यंत्र बसवून पाहिले तेव्हा असे दिसले की, शंभरापैकी पंचाण्णव मात्रा वेळेवर घेणाऱ्यांतच विषाणू चांगला दबून राहतो. ९५ टक्के हा आकडा तेव्हापासून जगभरच्या दवाखान्यांत रूढ झाला. महिन्याच्या साठ गोळ्यांत तीन चुकल्या की माणूस त्या रेषेवर आला. (पुढील काळातील औषधे इतकी कडक नाहीत, हे सांगितले पाहिजे, पण आकडा चिकटून राहिला.)

आता, हा नेम गरिबाला पाळता येईल काय? या प्रश्नाला त्या काळी बड्या लोकांनी दिलेले उत्तर स्मरणात ठेवण्याजोगे आहे. २००१ साली अमेरिकेच्या परराष्ट्र साहाय्य संस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिऑस यांनी जाहीरपणे असे मत दिले की, आफ्रिकेतील बहुसंख्य लोकांना घड्याळाची वेळ कळत नाही, तेव्हा त्यांना ही औषधे देऊन उपयोग नाही. त्याच वर्षी मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी हीच त्रिवेणी औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. पाश्चात्त्य देशांत त्यांचा वार्षिक खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. किंमतीची सबब अशी गळून पडली. घड्याळाची सबब पडण्यास आणखी पाच वर्षे लागली. २००६ साली अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित ताळा प्रसिद्ध झाला. पुरेसा नेम पाळणारे रोगी आफ्रिकेत ७७ टक्के आणि उत्तर अमेरिकेत ५५ टक्के असे त्यात आढळले. ज्यांच्या मनगटावर घड्याळ नव्हते त्यांनी वेळ अधिक चांगली सांभाळली होती.

भारत सरकारने १ एप्रिल २००४ रोजी ही औषधे सरकारी इस्पितळांतून फुकट देण्यास प्रारंभ केला. आरंभी आठ इस्पितळे होती, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. ज्या राज्यांत संसर्ग सर्वांत अधिक, ती राज्ये आणि दिल्ली यांचा क्रम पहिला लागला. गुजरात त्या यादीत नव्हता. त्यामुळे सुरतेच्या रोग्यास सरकारी औषध पाहावयाला मिळाले ते नंतरच्या टप्प्यात, मजुरा गेटजवळच्या नव्या सिव्हिल हॉस्पिटलात ए.आर.टी. केंद्र उघडले तेव्हा. पुढे महापालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही असे केंद्र झाले. दरम्यान २००३ साली सुरतेतच एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या माणसांनी आपली राज्यव्यापी संघटना उभी केली होती. औषधाच्या आधी माणसे एकत्र आली, ही गोष्ट इतिहासात बारकाईने नोंदवली पाहिजे. कारण पुढे औषध टिकले ते पुष्कळ अंशी या माणसांच्या बळावर.

या शहराची घडण लक्षात घेतल्यावाचून तेथील नेमाची गोष्ट समजणार नाही. सुरत हे जुने बंदर. पण आजचे सुरत यंत्रमागांचे, रंगाई-छपाईच्या कारखान्यांचे आणि हिऱ्यांच्या घंट्यांचे. येथे काम करणारा माणूस बहुधा बाहेरचा. हिरे घासणारा सौराष्ट्रातला, माग चालविणारा ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातला, पांडेसरा-उधन्याच्या गिरणीत आणि बाजारपेठेत खानदेशी, शिवाय उत्तर प्रदेश आणि बिहारचे. महापालिकेच्या शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा भाषांतून चालतात, यावरून कल्पना यावी. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने दक्षिण गुजरातेतील या श्रमिकांवर उभा जन्म घालवला आणि त्यांच्या जिण्याची तपशीलवार नोंद करून ठेवली. यंत्रमागाची पाळी बारा तासांची, दिवसाची आणि रात्रीची. मजूर ज्या मेसमध्ये राहतात तेथे एक खोली दोन पाळ्यांना पुरते : रात्रपाळीचे उठून गेले की दिवसपाळीचे त्याच जागेवर पथारी टाकतात. प्रत्येकाच्या वाट्याला भिंतीवरची एक खुंटी आणि एक पत्र्याची पेटी.

या खोलीत रोज दोनदा गोळी कशी घ्यावयाची? डबी कोठे ठेवावयाची? शेजारी गावचाच, त्याने डबी पाहिली की बातमी गंजामला किंवा अमळनेरला चौथ्या दिवशी पोहोचणार. केंद्रावर औषध महिन्याचे मिळे; त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागे, आणि मालकाला दर महिन्याला त्याच तारखेला कोणते निमित्त सांगावयाचे हा प्रश्न निराळाच. रेल्वेने ए.आर.टी. केंद्रावर जाणाऱ्या रोग्यांना भाड्यात सवलत ठेवली होती. पण ती घ्यावयाची म्हणजे रोगाचा दाखला तिकिटाच्या खिडकीवर, मागे रांग उभी असताना, दाखवावयाचा. सवलत देणाऱ्याचा हेतू उदार असेल. खिडकीपुढे उभे राहणाऱ्याला ती कितपत परवडत असेल, हे त्याच्या ध्यानी आले नसावे. पुष्कळांनी म्हणून आपल्या जिल्ह्याचे केंद्र सोडून दूरचे केंद्र धरले. धुळे, जळगाव, नंदुरबार येथे सोय झाल्यावरही खानदेशचा माणूस सुरतेस नाव नोंदवी, आणि सुरतेत राहणारा कोणी गावाकडे. दोघांचेही कारण एकच, की तेथे ओळखीचे कोणी भेटू नये. गुपित राखण्यासाठी घेतलेले हे अंतरच पुढे नेमाच्या मुळावर येई. पाऊस झाला, गाडी चुकली, पोर आजारी पडले, की महिन्याची खेप हुकली.

औषधांनीही आपला वाटा उचलला होता. पहिल्या काही वर्षांत बहुसंख्य रोग्यांना स्टॅव्हुडीन असलेली गोळी मिळे. ती स्वस्त होती आणि तिने असंख्य प्राण वाचविले. पण दोन-तीन वर्षांनी तिचे दुसरे रूप दिसू लागले. तळपायांची आग होई. गालांवरची चरबी झडून चेहरा खोल जाई, हातापायांच्या शिरा वर येत. रोगाने जे गुपित उघडे केले नव्हते ते औषधाने केले. माणूस आतून सुधारत असताना बाहेरून खंगल्यासारखा दिसे, आणि जाणते लोक त्या चेहऱ्यावरून ओळखीत. अशा माणसाने गोळी बंद केली तर त्याला बेशिस्त म्हणावयाचे काय? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली हे औषध मागे घेण्याची शिफारस केली, आणि भारतातही ते क्रमाक्रमाने गेले. झिडोवुडीनने कित्येकांचे रक्त कमी होई. इफाव्हिरेन्झ ही गोळी रात्री निजताना घ्यावयाची, कारण तिने चक्कर येते आणि चमत्कारिक स्वप्ने पडतात. ही सूचना ज्याने लिहिली त्याच्या डोळ्यांपुढे रात्री झोपणारा माणूस होता. ज्याची रात्र मागापुढे उभे राहण्यात जाते आणि झोप सकाळी आठाला लागते, त्याने ‘रात्री’ या शब्दाचा काय अर्थ घ्यावा, हे समुपदेशकाने त्याच्याशी बसून ठरवावे लागे. ओडिया माणसाशी गुजरातीत, खानदेशी बाईशी हिंदीत, असे हे ठरविणे चाले. त्यात किती निसटत असेल याचा अंदाज करता येतो.

केंद्रावरील पद्धत मद्रासच्या त्या केंद्राची आठवण करून देणारी होती. रोग्याजवळ हिरवे पुस्तक, केंद्राच्या कपाटात पांढरे कार्ड. प्रत्येक खेपेस उरलेल्या गोळ्या आणावयाच्या. त्या मोजून टक्केवारी काढावयाची आणि कार्डावर लिहावयाची. ९५ च्या वर असेल तर ठीक, ८० च्या खाली गेली तर चिंतेचे. मोजणीचा हा धाक ओळखून काही जण येण्याआधी वाटेतच उरलेल्या गोळ्या टाकून देत. डबी रिकामी, कार्डावर शंभर टक्के. रक्तातील विषाणू प्रत्यक्ष मोजण्याची तपासणी सरकारी केंद्रांवरील सर्वांना नियमाने मिळू लागली ती २०१८ नंतर. तोवर कार्डावरचा आकडा खरा धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. समजूतदार समुपदेशक म्हणून प्रश्न फिरवून विचारीत. ‘गोळी चुकली का?’ असे विचारले की उत्तर ‘नाही’. ‘गेल्या आठवड्यात कोणत्या दिवशी जमले नाही?’ असे विचारले की खरी हकीकत बाहेर येई : मालकाने ओव्हरटाइम लावला, सासू आली होती, घरात खायला नव्हते आणि उपाशी पोटी गोळी सोसत नव्हती.

येथेच नेमाचा आणि माणसाच्या जगण्याच्या सुखदुःखाचा सांधा जुळतो. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने आरोग्याची व्याख्या करताना केवळ रोगाचा अभाव म्हणजे आरोग्य नव्हे, असे सांगून शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्याचा एकत्र उल्लेख केला. ती व्याख्या अनेक वर्षे भिंतीवरच्या सुविचारासारखी वाचली गेली. १९९० च्या दशकात याच संघटनेने जीवनमानाची गुणवत्ता मोजण्याची प्रश्नावली तयार केली, आणि पुढे एच.आय.व्ही.सह जगणाऱ्यांसाठी तिची स्वतंत्र आवृत्ती काढली. तिच्या संक्षिप्त रूपात ३१ प्रश्न आहेत. दुखते का, झोप लागते का, कामास बळ आहे का, हे तर विचारले आहेच. परंतु लोक तुम्हांला दोष देतात याचा किती त्रास होतो, भविष्याची भीती वाटते का, मरणाची काळजी वाटते का, हेही विचारले आहे. कोणत्याही रक्ततपासणीत न दिसणाऱ्या या गोष्टी आहेत. परंतु ज्याला उद्याचा दिवस हवासा वाटत नाही, तो उद्यासाठी आज गोळी का घेईल? वैद्यकाने आधी असे मानले की औषध घेतले की जगणे सुधारते. ते खरेच आहे. त्याची दुसरी बाजू मात्र फार उशिरा ध्यानी आली, की जगणे थोडे सुधारले तरच औषध घेतले जाते.

सुरतेतील संघटनेने हे कोणत्याही प्रश्नावलीवाचून ओळखले असावे. तिने ज्या गोष्टी हाती घेतल्या त्यांत औषधाइतकेच महत्त्व विवाह जुळविण्याला होते. एच.आय.व्ही.सह जगणाऱ्या स्त्री-पुरुषांचे वधूवर मेळावे सुरतेत भरू लागले तेव्हा वर्तमानपत्रांनी ती एक नवलाची बातमी म्हणून छापली. परंतु त्यातला व्यवहार सरळ होता. ज्या घरात दोघांनाही गोळी घ्यावयाची असते तेथे डबी लपवावी लागत नाही; एकाला विसर पडला तर दुसरा आठवण करतो. तरुण विधवांचा प्रश्न त्यांतही बिकट होता. नवऱ्याकडून रोग मिळालेला, नवरा गेलेला, सासरने घराबाहेर काढलेले. अशी बाई केंद्रावर महिन्याच्या महिन्याला कोणाच्या आधाराने येणार? तेथे दुसरी अशीच बाई तिच्या घरी जाऊन बसे, आणि पुढच्या खेपेला बरोबर घेऊन येई. याला कार्यक्रमाच्या कागदपत्रांत पाठपुरावा म्हणतात.

सरकारी बाजूनेही ओझे हळूहळू हलके झाले. उपचार कोणाला द्यावयाचा, याची रक्तातील संरक्षक पेशींवर बेतलेली अट प्रथम २०० ची होती, पुढे ३५०, मग ५००, आणि २०१७ साली ती काढूनच टाकली; तपासणीत विषाणू आढळला की औषध सुरू. त्याच वर्षी संसदेने एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रणाचा कायदा केला. १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला आणि संमतीवाचून चाचणी करणे, गुपित फोडणे, नोकरीत वा शाळेत भेद करणे यांना कायद्याचा अटकाव झाला. मुख्य केंद्रापासून दूर असणाऱ्यांसाठी जोडकेंद्रे निघाली. २०१२ नंतर दोन वेळच्या गोळ्यांच्या जागी तीन औषधांची मिळून दिवसाला एकच गोळी येऊ लागली. २०२० नंतर त्या गोळीत डोल्युटेग्राव्हिर हे अधिक सोसणारे आणि थोड्याफार विस्मरणाला सांभाळून घेणारे औषध आले. चक्कर गेली, स्वप्ने गेली, रात्रपाळीचे कोडे सुटले. रोगी तेच होते. त्यांची शिस्त एकाएकी वाढली नव्हती. नेम सोपा झाला होता.

याच काळात एका मोठ्या प्रयोगाने नेमाला नवे कारण दिले. नऊ देशांतील सतराशेंहून अधिक जोडप्यांवर हा प्रयोग झाला, आणि त्यात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग होता. २०११ साली निष्कर्ष आला : ज्याला विषाणू आहे त्याने औषध लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. पुढच्या अभ्यासांनी त्याहून स्पष्ट सांगितले की, ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरलेला नाही त्याच्याकडून शरीरसंबंधातून तो दुसऱ्यास जात नाही. आपण कोणाला तरी धोका आहोत, ही भावना वर्षानुवर्षे उराशी बाळगणाऱ्या माणसाला याचा अर्थ काय वाटला असेल! ३१ प्रश्नांपैकी निम्म्यांची उत्तरे एवढ्या एका वाक्याने बदलावीत.

मार्च २०२० मध्ये या साऱ्या रचनेची परीक्षा झाली. करोनाच्या टाळेबंदीने माग थांबले, मेसमधील चुली थंडावल्या आणि मजुरी बंद झाली. एप्रिलात सुरतेचे मजूर गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर आले. २ मे रोजी ओडिशाकडे पहिली श्रमिक गाडी निघाली. १९९४ प्रमाणेच शहर पुन्हा रिकामे होत होते. परंतु या खेपेस जाणाऱ्यांपैकी काहींच्या पेटीत हिरवे पुस्तक होते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने मार्चमध्येच केंद्रांना सूचना दिली होती की, ज्यांची प्रकृती स्थिर आहे त्यांना एकदम तीन महिन्यांपर्यंतचे औषध द्यावे, आणि कोणीही रोगी कोणत्याही केंद्रावर आला तर त्याचे नाव तेथे नोंदलेले नाही म्हणून त्याला परत पाठवू नये. दर महिन्याला मोजणी झालीच पाहिजे, हा सोळा वर्षे जपलेला आग्रह एका परिपत्रकासरशी सैल झाला. रेल्वे बंद असताना संघटनांचे कार्यकर्ते, समुपदेशक, आरोग्यसेविका यांनी देशभर ठिकठिकाणी डब्या घरपोच केल्या. गंजामात उतरलेला मजूर आपल्या जिल्ह्याच्या केंद्रावर गेला. खानदेशात परतलेल्याने नंदुरबार नाही तर धुळ्याची खिडकी गाठली. तेथे ओळखीचे कोणी भेटेल ही भीती होतीच, पण या वेळी दुसरी वाट नव्हती.

देशात आज सुमारे पंचवीस लाख माणसे या विषाणूसह जगत आहेत आणि त्यांतील सोळा लाखांहून अधिक नियमित औषधावर आहेत. पहिल्या वर्षांत औषध सुरू केलेल्यांचा नेम आता वीस वर्षांचा झाला आहे. त्यांना आता रक्तदाब, मधुमेह, मोतीबिंदू अशा वयाच्या तक्रारी सुरू झाल्या आहेत, आणि सकाळच्या चार गोळ्यांत ही एक मिसळून गेली आहे. ज्यांचे कार्ड मध्येच कोरे राहते, त्यांची यादी दर महिन्याला निराळी काढली जाते. त्यांतले कित्येक जण मोबाइलचा क्रमांक बदललेले असतात, मेस बदललेली असते. केंद्राचा माणूस लिंबायतच्या किंवा वेड रोडच्या गल्लीत पत्ता विचारीत फिरतो, आणि कोणत्या कामासाठी आलो आहोत हे मात्र कोणाला सांगत नाही.